दुकानदारी शिकायची कुठे: वर्गात की दुसऱ्याच्या गल्ल्याशेजारी?

धंद्याचा अनुभव शून्य आणि छोटं दुकान टाकायचं मनात पक्कं झालं, की दोन वाटा समोर येतात. नव्या व्यावसायिकांसाठीचा एखादा कोर्स करायचा, नाहीतर काही महिने दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागायचं. मी दोन्ही केलं, आधी कोर्स आणि मग नोकरी. फी, वेळ, प्रमाणपत्र यांची चौकशी तुम्ही केलीच असेल, त्यात शिरत नाही.

हिशोबाची शिस्त मला लागली ती कोर्समध्ये. १०० ला घेतलेल्या वस्तूवर २५ टक्के चढवून ती १२५ ला लावली आणि नंतर २० टक्के सूट दिली, तर ती पुन्हा १०० लाच जाते. हातात काही उरत नाही. चढवलेले टक्के खरेदीवर मोजलेले, सूट विक्रीवर. तसंच भाडं, पगार, वीज मिळून महिन्याला २०,००० जात असतील आणि ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरतं ते, विक्रीच्या २० टक्के असेल, तर १ लाखाची विक्री होईपर्यंत स्वतःसाठी काहीच सुटत नाही. हे कागदावर शिकलेलंच बरं.

पण एक गोष्ट शेवटपर्यंत खटकत राहिली. प्रत्येक उदाहरणात विक्रीचा आकडा आयता दिलेला असायचा. महिन्याची विक्री दीड लाख धरा, आता नफा काढा. पुढची आकडेमोड चोख, पण ते दीड लाख येणार कुठून? विचारलं की ‘बाजाराचा अंदाज घ्या’ एवढंच उत्तर. नवख्याला नेमका तोच तर घेता येत नाही! सगळा आराखडा ज्या आकड्यावर उभा, तोच हवेत.

दुकानात उभं राहिल्यावर तो आकडा जमिनीवर आला. दीड लाख म्हणजे एकही सुट्टी न घेता ३० दिवस, रोज सरासरी १२५ ची ४० बिलं. चाळीस बिलांचा दिवस कसा असतो, त्यासाठी किती माणसं आत येऊन नुसती बघून जातात, दुपारी किती वेळ शुकशुकाट असतो, हे रोज डोळ्यांनी पाहिलं की स्वतःच्या जागेचा अंदाज बांधायला काहीतरी हाताशी येतं.

त्याहून मोलाचा होता माल भरायचा दिवस. कंपनीचा माणूस येण्याआधी मालक प्रत्येक फळीवर हात फिरवायचे, मागची खोकी पुढे ओढायचे, धूळ बसली असेल तर ती वस्तू यादीतून काटायचे. एकदा ‘दहा खोक्यांवर एक फुकट’ अशी स्कीम आली. साधारण ९ टक्क्यांची सवलत. त्यांनी दोनच खोकी घेतली. दहा खपायला चार महिने लागले असते आणि तोवर तो पैसा अडकला असता. तोच पैसा महिन्याला फिरणाऱ्या मालात घातला तर दर फेरीला नफा देतो. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे मला त्या नकारातून कळलं.

अर्थात दुकानात सगळं मिळत नाही. खरेदीची बिलं मालक सहसा दाखवत नाहीत. घरखर्च गल्ल्यातूनच काढणं, उधारी डोक्यात ठेवणं, असल्या सवयीही नकळत लागू शकतात. कर्जासाठी अर्ज करायचा असेल किंवा आकड्यांची भीतीच वाटत असेल, तर कोर्स आधी केलेला बरा, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तरीही दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर माझं मत दुकानाकडे झुकतं. हिशोब पुस्तकातून किंवा एखाद्या जाणकाराकडून नंतरही शिकता येतो. दोन्ही जमणार असेल तर नोकरी आधी करा, म्हणजे वर्गात तुम्ही स्वतः पाहिलेले आकडे घेऊन बसाल. दुकान मात्र तुम्हाला जिथे टाकायचं आहे त्या भागातलं निवडू नका, आणि स्वतःचं दुकान काढायचा बेत मालकांना पहिल्याच दिवशी सांगा. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण माल भरायच्या दिवशी तुम्हाला शेजारी उभं राहू देतील, एवढं आधी ठरवून घ्या.