वाकणारी पीझो पट्टी: पोलिंग गरम की थंड, चिकटवण्याआधी की नंतर?

पीझो पट्टी, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर वाकणारी सिरॅमिक आणि धातूची पट्टी, अपेक्षेपेक्षा कमी वाकली की पहिला संशय सिरॅमिकवर जातो आणि दुसरा गोंदावर. पोलिंगची आठवण होते सगळ्यात शेवटी. खरं तर भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पीझेडटीला (लेड झिर्कोनेट टायटनेट, या पट्ट्यांचं नेहमीचं सिरॅमिक) पीझो म्हणणंच चूक. त्यातले डोमेन, म्हणजे एकाच दिशेचं विद्युत ध्रुवण असलेले सूक्ष्म भाग, वाटेल त्या दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि त्यांचे परिणाम आपसांतच जिरतात. जोरदार विद्युत क्षेत्र लावून त्यांना एका दिशेला वळवणं हे पोलिंगचं काम. ते कसं करायचं हे पट्टी पुढे कशी चालवणार यावरून ठरवावं, असं माझं मत आहे.

गरम तेल की खोलीचं तापमान

रूढ पद्धत गरम तेलाची. १०० ते १५० अंश सेल्सिअसचं सिलिकॉन तेल, मिलिमीटरमागे २ ते ३ किलोव्होल्ट आणि ५ ते ३० मिनिटं. ०.२ मिमी जाडीच्या थराला हे जेमतेम ४०० ते ६०० व्होल्ट होतात. तेल लागतं ते ठिणगी टाळण्यासाठी: हवा मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टला फुटते आणि पातळ पट्टीच्या कडेवरून ठिणगी उडायला वेळ लागत नाही. उष्णतेचा फायदा असा की कोअर्सिव क्षेत्र, म्हणजे डोमेन उलटायला लागणारं क्षेत्र, खाली येतं. पण एक पथ्य पाळावंच लागतं. व्होल्टेज चालू ठेवूनच पट्टी थंड करायची. आधी बंद केलं तर वळलेल्या डोमेनपैकी बरेच माघारी फिरतात.

थंड पोलिंगला साधनं कमी लागतात आणि सॉफ्ट पीझेडटीला, म्हणजे ज्यातले डोमेन सहज वळतात त्या प्रकाराला, ते बऱ्यापैकी मानवतं. ५एच या सॉफ्ट प्रकाराचं कोअर्सिव क्षेत्र खोलीच्या तापमानाला मिलिमीटरला साधारण ०.८ किलोव्होल्ट असतं. त्याच्या अडीच-तीन पट दिलं की बहुतेक डोमेन वळतात. हार्ड पीझेडटीच्या बाबतीत मात्र हा मार्ग सोडून द्या. त्यातले दोष डोमेनना जखडून ठेवतात आणि थंडीत ते हलत नाहीत. क्षेत्र वाढवत नेऊन भरपाई करायचा मोह होतो, पण ९० अंशांत वळणारे डोमेन आकारही बदलतात. त्या ताणाने बारीक भेगा पडतात, नाहीतर थर सरळ फुटतो.

कोरोना पोलिंगमध्ये सुईच्या टोकावरून प्रभार पृष्ठभागावर सोडतात. एखादी जागा फुटली तरी बाकीची प्रक्रिया थांबत नाही, म्हणून पॉलिमर फिल्मला ते उत्तम. दोन्ही बाजूंना चांदी लावलेल्या सिरॅमिक पट्टीला त्याची गरज नाही.

चिकटवण्याआधी की नंतर

पोलिंग झालेला थर जाडीत कायमचा थोडा वाढतो आणि लांबी-रुंदीत आकसतो. युनिमॉर्फमध्ये सिरॅमिक एकाच बाजूला असतं, त्यामुळे चिकटवल्यावर पोलिंग केलं तर धातूची पट्टी कायमची वाकडी होते. तिथे आधीच पोलिंग करा. बाइमॉर्फमध्ये धातूच्या दोन्ही बाजूंना सिरॅमिकचा थर असतो; दोन्ही थर सारखेच आकसतात, पट्टी सरळ राहते. पण मधला धातू आकसू देत नाही, म्हणून सिरॅमिक ताणात राहतं. ताण हे सिरॅमिकचं दुखणंच.

मग नंतरचं पोलिंग कोणी करावं? ज्याचा गोंद जास्त तापमानाला पिकतो त्याने. वापराचं तापमान क्युरी तापमानाच्या (ज्याला पोलिंग पूर्ण नाहीसं होतं त्या तापमानाच्या) निम्म्यापर्यंतच असावं, हा ढोबळ नियम. ५एचचं क्युरी तापमान १९३ अंश आहे, तेव्हा १५० अंशांत गोंद पिकवला तर आधी केलेलं पोलिंग बरंच उतरणार. ५ए या जास्त क्युरी तापमानाच्या सॉफ्ट प्रकाराला ही अडचण कमी, पण त्याचा डी३१ (व्होल्टेजमागे लांबीत किती आकसतो त्याचा गुणांक) सुमारे १७१ पिकोमीटर प्रति व्होल्ट, तर ५एचचा २७४. वाकणं त्याच प्रमाणात घटतं.

दोन तारा की तीन

सिरीज बाइमॉर्फमध्ये थर परस्परविरुद्ध दिशांना पोल करतात आणि दोन तारा पुरतात. पॅरलल बाइमॉर्फमध्ये दिशा एकच, मधल्या धातूला तिसरी तार, आणि तेवढंच वाकायला व्होल्टेज निम्मं. पॅरललचं पोलिंग बाहेरच्या दोन इलेक्ट्रोडवर व्होल्टेज लावून करताना मधला धातू अधांतरी सोडू नका. गरम तेलात दोन्ही थरांचा रोध सारखा राहत नाही, मग एकाला क्षेत्र जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळतं. मधल्या धातूला अर्धं व्होल्टेज द्या, किंवा थर एकेक करून पोल करा.

पट्टीचं पुढचं आयुष्य याच निवडीवर ठरतं. साध्या दोन तारांच्या जोडणीत एक थर नेहमी आपल्या पोलिंगच्या विरुद्ध क्षेत्र सोसत असतो. ०.२ मिमीच्या सॉफ्ट थराला ६० व्होल्ट म्हणजे मिलिमीटरला ०.३ किलोव्होल्ट, ते चालतं. १५० व्होल्टला तो थर जवळजवळ उलटण्याच्या बेतात येतो, आणि पट्टी गरम असेल तर त्याआधीच. तीन तारांच्या बायस जोडणीत बाहेरचे इलेक्ट्रोड शून्य व पूर्ण व्होल्टेजवर स्थिर ठेवतात आणि मधल्या धातूचं व्होल्टेज बदलतात. दोन्ही थरांना क्षेत्र पोलिंगच्याच दिशेने मिळतं. मोठं वाकणं हवं असेल तर मी हीच जोडणी घेईन. त्यासाठी थर एकाच दिशेने पोल केलेले हवेत, म्हणून हा निर्णय तेलाचं भांडं तापवण्याआधी घ्यावा लागतो.

पट्टी तेलातून काढल्या काढल्या मोजलेला आकडा धरू नका. एक दिवस जाऊ द्या, मग मोजा. सुरुवातीची उतरण त्या दिवसात होऊन जाते, पुढची वेळेच्या लॉगरिदमने संथ चालते.