डेट्रॉइटच्या तीन भावांची २६ मिनिटे

‘डेथ’ या डेट्रॉइटच्या रॉक बँडची ‘फॉर द होल वर्ल्ड टू सी’ ही तबकडी ड्रॅग सिटी या कंपनीने २००९ मध्ये बाजारात आणली, तेव्हा तिच्यातील ध्वनिमुद्रण ३४ वर्षांचे झाले होते. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी या तीन कृष्णवर्णीय भावांनी १९७५ मध्ये ते केले. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांना ही गाणी आवडली होती, परंतु बँडचे नाव बदलण्याची त्यांची अट डेव्हिडने मानली नाही. वडील अपघातात गेल्यानंतर त्यानेच हे नाव सुचवले होते आणि मृत्यूकडे केवळ अशुभ म्हणून पाहू नये, असे त्याला मनापासून वाटत होते. नियोजित १२ गाण्यांपैकी ७ झाली आणि काम थांबले. पुढे १९७६ मध्ये भावांनी स्वतःच दोन गाण्यांची छोटी तबकडी काढली, तिच्या प्रती अवघ्या ५०० होत्या.

ही हकिकत इतकी वेधक आहे की ती सांगता सांगता वादनाबद्दल बोलायचे राहून जाते, आणि या तबकडीचे खरे मोल तर वादनातच आहे. ‘पॉलिटिशियन्स इन माय आईज’ हे गाणे सुमारे सहा मिनिटांचे असूनही कुठेही सैल पडत नाही, कारण डॅनिसचे ड्रम आणि बॉबीचा बास एकमेकांना क्षणभरही उसंत देत नाहीत, आणि त्या धावत्या ठेक्यावर डेव्हिडची गिटार नेमकी तिथेच तुटून पडते जिथे बॉबीचा आवाज थांबतो. तरुणांना युद्धावर धाडणाऱ्या राजकारण्यांवरचा राग या गाण्यात शब्दांआधी लयीतून ऐकू येतो. ‘लेट द वर्ल्ड टर्न’ मात्र संथ, तरंगत्या सुरांतून सुरू होऊन एकाएकी वेग घेते. न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या आद्य पंक बँडची पहिली तबकडी येण्याच्या वर्षभर आधी हे वादन झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे पंकचा, म्हणजे रॉकच्या या वेगवान, खरबरीत प्रकाराचा इतिहास केवळ न्यूयॉर्क आणि लंडनपुरता सांगणे किती अपुरे आहे, ते कळते.

‘यू आर अ प्रिझनर’ मला तुलनेने उणे वाटते. त्यातली एकच कल्पना फारशी पुढे सरकत नाही. एकूण लांबी जेमतेम २६ मिनिटे आहे, त्यामुळे भरगच्च संग्रहाची अपेक्षा असणाऱ्यांची निराशा होईल.

डेव्हिड २००० मध्ये कर्करोगाने गेला. त्याआधी त्याने मूळ फिती बॉबीच्या हवाली केल्या होत्या आणि जग कधीतरी त्या शोधत येईल, असे बजावले होते. नव्या श्रोत्याने सुरुवात शेवटच्या गाण्यापासून, म्हणजे ‘पॉलिटिशियन्स’पासूनच करावी, आणि पहिल्या खेपेस फक्त ड्रमकडे लक्ष द्यावे.