ताईचे दात: न्यू जर्सीत हप्त्यावर की नौपाड्यात रोख?

न्यू जर्सीतल्या ताईला इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचे कृत्रिम दात, बसवायचे होते. तिकडे कॅपसकट एका दाताचे ४ हजार डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन लाख. इकडे ठाण्यात, नौपाड्याला, आम्हाला ४५ हजार सांगितले. ती लगेच म्हणाली, "तिकीट काढते."

म्हटलं, थांब. हाडात स्क्रू बसवला की तो धरायला तीन ते सहा महिने लागतात, कॅप त्यानंतर. म्हणजे फेऱ्या दोन, तिकिटांचेच सव्वादोन लाख. तिचा डेंटल इन्शुरन्स वर्षाला १५०० डॉलरपर्यंतच देतो, पण देतो तरी. एकाच दातासाठी इकडे येणं आतबट्ट्याचं. तिचे दोन निघाले, तेव्हा ठाण्याचं पारडं जड झालं. एक फेरी तशीही दिवाळीची होतीच, त्यामुळे वाचणारं तिकीट मी हिशेबात धरलंच नाही.

पैसे उभे करण्यात खरी गोम आहे. तिकडे दवाखान्यातच क्रेडिट कार्ड पुढे करतात: अमुक महिने बिनव्याजी. त्यातल्या बऱ्याच कार्डांत मुदतीत शेवटचा डॉलर राहिला, तरी व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. इकडे हप्ते मिळतात, पण परदेशात राहणाऱ्याला ते मिळवणं कटकटीचं. तिने भारतातल्या एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या रुपयांतल्या खात्यातून, भरले. अमेरिकन कार्ड घासलं असतं तर परकीय व्यवहाराचे तीनेक टक्के वर गेले असते.

एक धोका मात्र ठाण्याच्याच बाजूला: स्क्रू हलला तर तिसरं तिकीट. म्हणून तिकडच्या डेंटिस्टला कोणता स्क्रू आहे ते कळावं यासाठी इम्प्लांटची कंपनी आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घेतलं. स्क्रू बसवल्यावर आठवडाभर ताई मऊ भात खात होती, समोर आम्ही मिसळ.