रोज मराठी टंकलेखन करणाऱ्यांसाठी लॅपटॉपचा कीबोर्ड: खोल कळा की उथळ, नमपॅडसह की त्याविना?

पुण्यात भाषांतर, मुद्रितशोधन किंवा वकिली मसुद्यांचे काम करणारी व्यक्ती टिळक रस्त्यावरच्या दुकानात लॅपटॉप पाहायला जाते, तेव्हा तिला प्रोसेसर आणि रॅमची सविस्तर माहिती मिळते. कीबोर्डचा विषय मात्र ‘बॅकलाइट आहे’ एवढ्यावरच संपतो. ज्यांची बोटे दिवसभर कळांवर असतात, त्यांनी कीबोर्ड आधी पाहावा आणि बाकीचे नंतर, असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक मतभेद कळ किती खोल जावी यावर आहेत. लेनोवोचे थिंकपॅड लॅपटॉप वापरणारे खोल कळांच्या बाजूचे असतात. त्यातील टी मालिकेत पूर्वी सुमारे १.८ मिलिमीटर असलेली ही खोली आता १.५ वर आली आहे, तरीही कळ दाबली गेल्याचे बोटाला नीट कळते. उथळ कळा आवडणाऱ्यांचे म्हणणे असे की बोट कमी हलते, त्यामुळे वेग वाढतो आणि थकवा कमी येतो. हे काही प्रमाणात खरे असले, तरी त्याला मर्यादा आहे. ॲपलने २०१५ मध्ये आणलेल्या ‘बटरफ्लाय’ रचनेत कळ जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जात असे आणि धुळीच्या कणानेही ती अडकत असे. अखेर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी सुमारे १ मिलिमीटर खोलीच्या जुन्या कात्री-रचनेकडे (कळेखाली कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे दोन तुकडे) परतली. आजच्या मॅकबुकवर टंकलेखन सुखाचे आहे. म्हणून १ की १.५ या वादात फार अडकू नये; कळ दाबताना स्पष्ट ठेच जाणवते का, एवढे तपासावे.

मराठीसाठी त्याहून महत्त्वाचा, पण क्वचितच चर्चिला जाणारा मुद्दा म्हणजे कीबोर्डची उजवी कड. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात, आणि ज, ड, च, ट, य ही सगळी अक्षरे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. ‘पुण्याच्या’ हा शब्द घ्या. त्यात य दोनदा आणि च एकदा येतो. शिवाय डाव्या हाताने ‘ण’ काढताना उजवी शिफ्ट दाबावी लागते. म्हणजे एका शब्दात करंगळी चार वेळा कामाला लागते. इंग्रजीत या कळा बहुतांशी विरामचिन्हांच्या असल्याने काही उत्पादक जागा वाचवण्यासाठी नेमक्या त्याच अरुंद करतात, तर काही लहान लॅपटॉपमध्ये वर जाणाऱ्या बाणाची कळ उजव्या शिफ्टला खेटून बसवतात. इंग्रजी परीक्षणात उत्तम ठरलेला असा कीबोर्ड मराठीत वारंवार चुका करायला लावतो. ‘ॉ’ची कळ एंटरच्या वर पूर्ण रुंदीची आहे का, हेही पाहावे, कारण ‘डॉक्टर’ आणि ‘कॉलेज’ हे शब्द रोजचेच आहेत. रोमन लिपीत टंकून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र ही अडचण फारशी येत नाही. त्यांनी खुशाल लहान आणि हलका लॅपटॉप घ्यावा.

नमपॅडचा, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या वेगळ्या कळांचा, निर्णय सोपा आहे. हिशेब आणि जीएसटीची कामे करणाऱ्यांना तो हवाच. इतरांनी तो टाळावा, कारण १५.६ इंची लॅपटॉपमध्ये त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि पडद्याच्या मध्यासमोर बसणाऱ्याचे दोन्ही हात सतत तिरके राहतात. थिंकपॅड घेणार असाल तर आणखी एक गोष्ट: वर्षानुवर्षे त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोलऐवजी एफएन (Fn) कळ असे. नव्या मॉडेलांत हा क्रम बदलला आहे आणि जुन्यांत बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंगमधून) बदलता येतो, त्यामुळे केवळ त्यासाठी चांगला कीबोर्ड नाकारू नये.

दुरुस्तीचाही विचार करावा. बहुतेक मॅकबुकमध्ये कीबोर्ड वरच्या आवरणाचाच भाग असल्याने तो बदलणे महागात पडते. अनेक व्यावसायिक लॅपटॉपमध्ये तो स्वतंत्रपणे बदलता येतो, आणि वॉरंटी संपल्यावर हा फरक खिशाला जाणवतो.

घरी किंवा कार्यालयात एकाच टेबलावर काम करणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे. लॅपटॉप स्टँडवर ठेवून पूर्ण आकाराचा बाहेरचा कीबोर्ड जोडावा. पडदा डोळ्यांच्या पातळीला येतो आणि कोपरापासून पुढचा हात टेबलाला समांतर राहतो. मग लॅपटॉपच्या कीबोर्डवर जास्त पैसे घालवण्याचे कारण उरत नाही. ज्यांना न्यायालयात, ग्रंथालयात किंवा प्रवासात लिहावे लागते, त्यांनी मात्र दुकानातच मराठी मांडणी सुरू करून घ्यावी आणि चालू कामातला एक सबंध परिच्छेद टंकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.