परतीच्या विद्यार्थ्यासाठी भाषा संचालनालयाचे ऑनलाइन परिभाषा कोश: कितपत कामाचे?

पंधरा-वीस वर्षांच्या खंडानंतर मुक्त विद्यापीठातून बी. ए. किंवा एम. ए. करायला घेतलेला माणूस बहुतेकदा पहिल्याच घटकात अडखळतो. रोज पेपर वाचत असला तरी ‘अभिजात अभिसंधान’, ‘प्रबलन’, ‘सीमांत उपयोगिता’, ‘प्रमाण विचलन’ हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले नसतात. घरातला जुना शब्दकोश इथे हात टेकतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1930 च्या दशकातला. दोन्ही थोर, पण आजच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाला त्यांचा उपयोग नाही.

या कामासाठी खरं साधन म्हणजे राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे एकेका विषयातल्या खास शब्दांचे कोश. संचालनालय 1960 साली स्थापन झालं आणि पुढे त्याने अर्थशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र, संख्याशास्त्र, ग्रंथालयशास्त्र असे एकेका विषयाचे कोश काढले. ते आता ‘शब्दकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. पैसे नाहीत, खातं उघडायची भानगड नाही.

शोध मराठीतून घ्या किंवा इंग्रजीतून, नोंदीबरोबर ती कुठल्या कोशातली आहे ते दिसतं. नवखा विद्यार्थी नेमकं तेच नाव वाचत नाही आणि फसतो. ‘इंटरेस्ट’ अर्थशास्त्रात व्याज, मानसशास्त्रात अभिरुची, कायद्यात हितसंबंध. ‘कॅपिटल’ वाणिज्यात भांडवल, भूगोलात राजधानी, स्थापत्यात खांबाचा माथा. पहिला दिसला तो अर्थ उचलला की पुढचा परिच्छेद कोसळलाच. म्हणून आधी कोशाचं नाव, मग प्रतिशब्द.

टंकण्यातच निम्मे शोध वाया जातात. शब्द मूळ रूपात द्यावा लागतो. ‘उपयोगितेच्या’ लिहून काही हाती लागणार नाही, ‘उपयोगिता’ लिहा. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळा, कारण पुस्तकात ‘गृहितक’ छापलेलं असलं तरी कोशात ‘गृहीतक’ असतं. शिवाय अभ्याससाहित्याच्या जुन्या पीडीएफ युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेल्या असतात. त्यातून शब्द कॉपी केला तर शोधपेटीत रोमन अक्षरांचा कचरा उतरतो. दोन-चार शब्द असतील तर मोबाइलच्या मराठी कळफलकावर सरळ टंकावेत. पानंच्या पानं असतील तर पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून तो डॉक्समध्ये उघडायचा. देवनागरी मजकूर बऱ्यापैकी सुटतो, जोडाक्षरं मात्र तपासून घ्यावी लागतात. फाइल 2 एमबीच्या आत ठेवलेली बरी.

आता उणीव, आणि ती मोठी आहे: हे कोश बहुतांशी प्रतिशब्द देतात, व्याख्या देत नाहीत. ‘अभिसंधान’ शोधल्यावर ‘कंडिशनिंग’ मिळालं, तरी ज्याचं इंग्रजी दहावीनंतर सुटलं त्याला कळलं काय? कप्पाळ! इथे वाईच्या मराठी विश्वकोशाची जोड घ्यावीच लागते. त्याचे सगळे खंड संकेतस्थळावर आहेत आणि ज्ञानमंडळांच्या (विषयवार तज्ज्ञगटांच्या) नव्या नोंदीही मिळतात. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा कुत्रा, घंटेचा आवाज, अन्न नसतानाही सुटणारी लाळ हे तिथे वाचलं की ‘अभिसंधान’ म्हणजे काय ते एकदाचं डोक्यात बसतं. क्रम असा ठेवा: पुस्तकातला मराठी शब्द, कोशातून त्याचा इंग्रजी शब्द, त्या जोडीवरून विश्वकोशातली नोंद, आणि परत पुस्तकाचं पान. विश्वकोशातच सुरुवात केली तर कधी कधी नोंद सापडतच नाही, कारण तिथे तीच संकल्पना वेगळ्या मराठी नावाखाली असते. इंग्रजी शब्द हातात असला की ती गाठता येते.

पर्यायी शब्दांचा घोळ ही कोशाची चूक नाही, पण भोगावा विद्यार्थ्यालाच लागतो. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत ‘हायपॉथेसिस’साठी परिकल्पना, गृहीतकृत्य, अभ्युपगम असे तीन-तीन शब्द भेटतात. त्यात ‘गृहीतक’ कुणी याच अर्थाने वापरतं, तर कुणी ‘अझम्प्शन’साठी. ‘व्हेरिएबल’ कुठे चल, कुठे चर, कुठे परिवर्त्य. यावर उपाय एकच, वहीच्या शेवटच्या पानांवर चार रकाने आखायचे: आपल्या पुस्तकाचा शब्द, कोशाचा शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत, आणि आपल्या बोलीत एक ओळ. उत्तरपत्रिकेत मात्र पहिल्याच रकान्यातला शब्द लिहायचा. कोशातला शब्द कितीही प्रमाण असला तरी तपासणाऱ्याच्या समोर पुस्तक असतं.

शब्द सुटले तरी वाक्य सुटेलच असं नाही, आणि तिथे कुठलाच कोश कामाला येत नाही. पाठ्यपुस्तकी वळणाचं एक वाक्य घ्या: ‘मागणीची किंमत लवचिकता ही, इतर परिस्थिती कायम असताना, वस्तूच्या किमतीतील सापेक्ष बदलाच्या परिणामी मागणीत घडून येणाऱ्या सापेक्ष बदलाच्या प्रमाणाची निदर्शक होय.’ हे सुरुवातीपासून वाचत गेलात तर ‘च्या-च्या’च्या रांगेत हरवाल. शेवटाकडून धरा. होय, काय? निदर्शक. कशाची? प्रमाणाची. कशाचं प्रमाण? बदलाचं. कुठे झालेल्या? मागणीत. कशामुळे? किंमत बदलल्यामुळे. ‘इतर परिस्थिती कायम’ हा तुकडा पेन्सिलीने कंसात टाकून बाजूला ठेवा. उरला ‘सापेक्ष’. कोश त्याला ‘रिलेटिव्ह’ म्हणेल (नातेवाईक नव्हे!), इथे त्याचा अर्थ मूळ आकड्याच्या तुलनेत, म्हणजे टक्क्यांत. आता आकडे घाला. भाव 10 टक्के वाढला, मागणी 20 टक्के घटली, तर वजा चिन्ह सोडून लवचिकता 2. संपलं.

म्हणूनच वाचताना दर शब्दाला मोबाइल उचलू नका. आधी क्रियापद आणि कर्ता शोधा, अडणारे शब्द अधोरेखित करत घटकाचा एक विभाग पूर्ण करा आणि मगच कोश उघडा. निम्मे शब्द पुढच्याच पानावर उदाहरणातून उलगडलेले असतात.

बरेचसे कोश गेल्या शतकातले असल्याने इंटरनेटनंतरच्या संकल्पनांची फार अपेक्षा ठेवू नका. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र घेणाऱ्यांसाठी पाचपैकी चार गुण, माध्यमं किंवा संगणकाशी जवळचे विषय घेणाऱ्यांसाठी जेमतेम दोन. गावाकडे रेंजची बोंब असेल तर आपल्या विषयाचा छापील कोश शासकीय ग्रंथागारात (शासनाच्या पुस्तकविक्री केंद्रात) विचारा, मुंबईत चर्नी रोडला, पुण्यात फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात. जाण्याआधी फोन करून प्रत शिल्लक आहे का ते विचारून घ्या.