अंबाडी, ताग की घायपात? गावच्या जमिनीत वाखाचे पीक घेण्यापूर्वी

मुंबईत नोकरी आणि मुरबाड, माणगाव किंवा थेट मराठवाड्यात वडिलोपार्जित दोन-चार एकर जमीन, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांत सध्या केनाफची चौकशी होताना दिसते. केनाफ म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस, आपली वाखाची (म्हणजे दोर-सुतळीच्या राठ धाग्याची) अंबाडी. परदेशात तिच्यापासून वृत्तपत्राचा कागद तयार झाला आहे आणि मोटारींच्या दारांची आतली आवरणेही बनतात, हे वाचून उत्साह वाटणे साहजिक आहे. परंतु त्याच जमिनीत ताग (क्रोटालेरिया जुन्सिया, म्हणजे काही भागांतला बोरू) किंवा घायपातही (जाड, टोकदार पानांतून धागा देणारे झुडूप, सिसल) घेता येते. तेव्हा निर्णय करताना ही तिन्ही पिके शेजारी ठेवूनच पाहिली पाहिजेत. बंगालच्या ज्यूटला पाठ्यपुस्तके ताग म्हणतात. ते पीक वेगळे आहे आणि येथे त्याचा विचार केलेला नाही.

अंबाडीचे बलस्थान तिच्या वाढीच्या वेगात आहे. जूनमध्ये पेरलेले रोप चार-पाच महिन्यांत तीन ते चार मीटर उंच होते. मात्र ही वाढ दिवसमानाशी बांधलेली असते. दिवस सुमारे साडेबारा तासांपेक्षा लहान होऊ लागला की झाडाचा जोर उंचीकडून फुलाकडे वळतो आणि मुंबईच्या अक्षांशावर ही वेळ ऑगस्टच्या अखेरीस येते. पावसाची वाट पाहत पेरणी जुलैअखेरीपर्यंत लांबली, तर पुढे कितीही खत घातले तरी खोड आखूडच राहते. हंगामभर विभागून पडलेला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस या पिकाला पुरतो. कोकणात त्याच्या कित्येक पट पाऊस पडतो आणि कोवळ्या रोपांना साचलेले पाणी सोसत नाही, त्यामुळे भाताची खाचरे अंबाडीसाठी बाद समजावीत. वरकस उतारावर पाण्याचा निचरा होतो खरा, पण तिथली माती पातळ असते. केवळ शेतीचा विचार केला तर मराठवाडा-विदर्भातील मध्यम ते भारी, निचऱ्याची जमीन तिला अधिक मानवते. जमिनीत सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) प्रादुर्भाव असेल तर लाल अंबाडी (हिबिस्कस सबदारिफा ही वेगळी जात) बरी; ती त्यांना सहसा दाद देत नाही आणि पाण्याचा ताणही जास्त सोसते, मात्र तयार व्हायला तिला जास्त दिवस लागतात.

तागाचा हिशेब वेगळा आहे. तो शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देतो आणि वाखासाठी साधारण तीन-साडेतीन महिन्यांत कापणीला येतो. त्याच्या वाखाचे उत्पादन अंबाडीच्या निम्म्याच्या आसपास असते. पण वाखाचा बेत फसण्याची चिन्हे दिसली, तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांचे पीक नांगरून जमिनीत गाडता येते आणि खर्च हिरवळीच्या खताच्या रूपाने बराचसा वसूल होतो. अशी माघारीची वाट अंबाडीत नाही. तागाचे बी मात्र जनावरांना विषारी आहे, त्यामुळे ते गोठ्यापासून दूर ठेवावे.

घायपात खडकाळ, मुरमाड, इतर कशालाही नकार देणाऱ्या जमिनीत येते. पहिली पाने कापण्यास सुमारे तीन वर्षे थांबावे लागते, त्यानंतर पुढे कित्येक वर्षे कापणी चालू राहते. जे शनिवार-रविवारीच गावी जाऊ शकतात, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

खरा फरक कापणीनंतर दिसतो, आणि माहितीपत्रके नेमकी तिथेच घाईने उरकतात. अंबाडीचा वाख खोडाच्या सालीत असतो. वाळलेल्या खोडात सालीचा वाटा सुमारे तीस ते चाळीस टक्के असतो आणि बाकीची आतली हलकी काडी असते. साल काडीपासून सुटावी म्हणून पेंढ्या पाण्यात कुजवाव्या लागतात. निम्मी झाडे फुलावर आली की कापणी करायची, पाने गळण्यासाठी पेंढ्या दोन-तीन दिवस शेतातच ठेवायच्या, मग जाड बुंधे आधी पाण्यात उभे करून नंतर सगळी पेंढी आडवी बुडवायची. पाण्याची ऊब पाहून यास दहा ते वीस दिवस लागतात. वजनासाठी दगड वापरावेत. चिखल किंवा केळीचे खांब ठेवल्यास वाख काळवंडतो. एक दिवस कमी पडला तर साल सुटत नाही आणि चार दिवस जास्त झाले तर वाख कुजून तुटू लागतो, त्यामुळे अखेरच्या आठवड्यात रोज काडी काढून पाहणारा माणूस गावात हवाच. फोनवरून हे काम होत नाही.

आता वजनाचा विचार करू. एकरी सात-आठ क्विंटल वाख म्हणजे चांगले पीक; पण हिरव्या खोडातून पाच-साडेपाच टक्केच वाख निघतो, म्हणजे तेवढ्यासाठी चौदा-पंधरा टन ओले खोड पाण्यापर्यंत वाहून न्यावे लागते. पाणी दूर असेल तर नफा वाहतुकीतच संपतो. ते पाणी वाहत्या ओढ्याचे असेल, तर कुजण्याने त्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात, दुर्गंधी सुटते आणि गावाशी वाद निर्माण होतो. यंत्राने हिरवी साल काढून फक्त तीच कुजवल्यास पाणी आणि दिवस दोन्ही वाचतात. पण एक-दोन एकरांसाठी असे यंत्र घेणे परवडणारे नाही, ते गटानेच घ्यावे. तागाला कुजवण लागतेच, पण ती बहुधा आठवड्याभरात उरकते. घायपाताला ती मुळीच नको. पाने कापून लवकरात लवकर यंत्रातून काढायची आणि धुऊन वाळवायची, एवढेच काम. मात्र पानाच्या वजनाच्या तीन-चार टक्केच धागा मिळतो, म्हणून यंत्र बांधाजवळ असावे लागते.

विक्रीच्या बाबतीत मुंबईचे नाव ऐकून फसू नये. या शहराच्या गिरण्या कापसाच्या होत्या, आणि माटुंग्यात १९२४ साली स्थापन झालेली संशोधन संस्थाही कापसासाठीच उभी राहिली. अंबाडीच्या लांब, राठ वाखाला लागणारी यंत्रसामग्री वेगळी असते. धान्य व साखरेसाठी ज्यूटच्या गोण्यांची सक्ती करणारा १९८७ चा कायदा अस्तित्वात आहे. तथापि त्या गोण्या विणणाऱ्या बहुतेक गिरण्या हुगळीच्या काठी आहेत आणि सरकारी खरेदीचे जाळेही मुख्यतः पूर्व भारतातच आहे. तिथवर वाख पाठवून स्थानिक मालाशी भावात स्पर्धा करणे अव्यवहार्य आहे. मुंबई-पुण्याच्या टापूत उरतात ते दोर-सुतळीचे व्यापारी, हातकागद करणारे आणि पिशव्या व शोभेच्या वस्तू बनवणारे लहान कारखानदार. या ग्राहकांना थोडाच, पण रंगाने एकसारखा माल हवा असतो.

माझे मत अंबाडीच्या विरुद्ध नाही. शेतालगत स्वतःचे शेततळे, गावात राहणारे विश्वासू माणूस आणि वाखाबरोबर काडीही घेण्यास लेखी तयार असलेला ग्राहक, या तिन्ही गोष्टी हाताशी असतील तर तिच्यासारखे पीक नाही. यांपैकी एक जरी नसेल, तर पहिल्या वर्षी अंबाडी दहा गुंठ्यांपुरतीच ठेवून बाकी क्षेत्रात ताग पेरावा. उताराच्या कडेला घायपाताची रांग लावावी. बियाणे घेताना मात्र विचारून घ्यावे. भाजीसाठी म्हणून विकले जाणारे बी अनेकदा लाल अंबाडीचे असते, आणि वाखाचे पीक फुलावरच कापले जात असल्याने पुढील वर्षाचे बी त्यातून मिळत नाही. त्यासाठी एक लहान तुकडा वेगळा पेरून तो बी पक्व होईपर्यंत उभा ठेवावा लागतो.