केटोकोनाझोल शाम्पू, पण तोंडाला : दहा महिने वापरून झाल्यावर

इंदूरच्या छप्पन दुकानला सकाळी पोहे खात होतो तेव्हा मित्र म्हणाला, भिया तेरी भौं में सेव लगी है. मी झटकली, तर ती शेव नव्हतीच, कातडीचा पापुद्रा होता, पिवळसर आणि बोटाला जरा तेलकट लागणारा. भुवया, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, दाढीच्या आत, कानामागे सगळीकडे हेच, खाली लाल आणि वर पापुद्रे. उन्हाळ्यात जरा बरं असतं, इंदूरला थंडी पडली की सुरू, आणि कामाचं टेन्शन असलं की डबल.

तीन वर्षं मी याला कोरडी स्किन समजून रोज रात्री खोबरेल तेल चोपडत होतो. आईचाच सल्ला, तिचा काय दोष, पापुद्रे दिसले की कोणीही तेलच सांगणार. नंतर कळलं की याला सेबोरिक डर्माटायटिस म्हणतात. मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच कातडीवर असतं, ते आपल्या कातडीतल्या तेलावर जगतं आणि मागे जी फॅटी अ‍ॅसिडं सोडतं त्याने आमच्यासारख्यांची कातडी चिडते. म्हणजे मी रोज रात्री त्याला पान वाढून देत होतो.

मधे एका मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब दिली होती. तीन दिवसांत चेहरा लख्ख, मी खूश. बंद केली की आठवड्यात दुप्पट लाल, मग परत ट्यूब, असं चार महिने चाललं. शेवटी स्किनच्या डॉक्टर मॅडमनी ट्यूबवरचं बारीक अक्षर मलाच वाचायला लावलं तर त्यात तगडं स्टेरॉइड. तोंडाला हे महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते आणि बारीक लाल शिरा दिसायला लागतात, माझ्या गालावर दोन दिसतच होत्या.

मॅडमनी लिहून दिला तो केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू. हो, डोक्याचाच, कोंड्यावाला, पण औषध याच यीस्टवरचं. आठवड्यातून दोनदा असं चार आठवडे, मग आठवड्यातून एकदा. तोंड ओलं करायचं, थोडासाच हातावर फेसवायचा, भुवया-नाक-दाढीला लावून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि धुवायचा. हे थांबणंच मेन आहे, मी पहिल्या आठवड्यात फेसवॉशसारखा लगेच धुऊन टाकत होतो आणि म्हणत होतो काही फरक नाही. आता मोबाईलला टायमर लावून डोळे मिटून बाथरूममध्ये उभा असतो, बाहेरून बायको विचारते झोपलात का.

दुसऱ्या आठवड्यात पापुद्रे गेले, खाज त्याआधीच गेली, लाली जायला मात्र महिना लागला.

आता तक्रारी. डोळ्यात गेला तर भयंकर चुरचुरतं. दाढीचे केस झाडूसारखे होतात, यावर मला अजून उपाय सापडला नाही. धुतल्यावर तोंड ताणल्यासारखं वाटतं, मग साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावतो. आणि दुकानात बाटली उलटून २ टक्के लिहिलंय का ते बघा, अँटी-डँड्रफ म्हटलं की काहीही हातात देतात. याच औषधाच्या गोळ्या मात्र मागायला जाऊ नका, त्याने लिव्हरला त्रास होऊ शकतो.

आणि हा आजार मुळापासून जात नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे आमच्या इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर मनसोक्त रंगलो, घरी येऊन बेसन घासघासून तोंड धुतलं, वर दोन आठवडे शाम्पूला सुट्टी दिली. नाकाच्या घड्या परत लाल. पुन्हा सुरू केला तर दहा दिवसांत आवरलं. संसर्गजन्य नाही हेही सांगून ठेवतो, कारण आमच्या आत्याने माझा टॉवेल वेगळा काढला होता.

५ पैकी ४, एक कापला तो दाढीसाठी.

या दिवाळीला अभ्यंगाला बसलो तेव्हा आईला आधीच सांगितलं, तेल मानेच्या खाली. हो हो म्हणाली, पाठीला चोळून दिलं, आणि उठताना शकुनाचं म्हणून एक बोट नाकाला लावलंच.